फिजिओथेरपीचे पुढचे शिक्षण : अर्ज भरण्याआधी समजून घ्यावयाच्या गोष्टी



गळीत हंगाम आटोपला, की घरोघरी पोरांच्या पुढच्या शिक्षणाची बोलणी सुरू होतात. पूर्वी ही बोलणी डी.एड., बी.ए. नाहीतर शेतकी शाळा इथवर येऊन थांबत. आता शेतकऱ्यांच्या घरांतली मुले, आणि विशेषतः मुली, फिजिओथेरपीची पदवी घेऊन बाहेर पडू लागली आहेत. पदवी हातात पडली की घरात प्रश्न उभा राहतो, "आता पुढं काय? इथंच मास्टर करायचं, का अमेरिकेला जायचं?" मग कुणी एजंटाचा पत्ता आणून देतो, कुणी पाहुण्यांच्या पोराचा दाखला देतो, आणि बाप सातबारा काढायला तलाठ्याकडे निघतो.

ही घाई करण्याआधी चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात, म्हणून हा पाठ आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत. मुलामुलींनी तो वाचावाच. पण वडीलधाऱ्यांनीही वाचावा. कारण अर्ज लेकरू भरते, पण कर्जाच्या कागदावर सही घरच्यांची असते.

१) ही विद्या कसली?

पुष्कळांना वाटते, फिजिओथेरपी म्हणजे मालिश. तसे नव्हे. अर्धांगवायूने पडलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे, मोडलेले हाड जुळल्यावर आखडलेला सांधा मोकळा करणे, गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्याला पहिली पावले टाकायला लावणे, जन्मतः अधू मुलाला बसायला शिकवणे, ही सारी या शास्त्राची कामे. दिवसभर वाकून कोयता चालविणाऱ्याची कंबर आणि डोक्यावर मोळी वाहणाऱ्याची मान आपण रोज पाहतो. त्यांचे दुखणे नुसत्या गोळीने जात नाही, हे सांगायला नको.

आपल्या देशात हे शिक्षण १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. त्या काळी पोलिओने अधू झालेल्या मुलांची संख्या मोठी होती आणि त्यांना हातापायांवर उभे करणारी शिकलेली माणसे हवी होती. अमेरिकेत याची सुरुवात पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांपासून झाली. ते काम करणाऱ्या स्त्रियांनी १९२१ साली आपली संघटना काढली. मेरी मॅकमिलन या तिच्या पहिल्या अध्यक्षा. म्हणजे दोन्हीकडे ही विद्या गरजेतून जन्मली, आणि गरज आजही संपलेली नाही.

२) पदवी वेगळी, परवाना वेगळा

या पाठातील मुख्य मुद्दा हाच आहे. तो नीट कळला तर बाकीचे सोपे जाईल.

कारखान्याचा शेअर घेतला म्हणून आपला ऊस आपोआप तुटत नाही. उसाची नोंद वेगळी करावी लागते. शेअर असून नोंद नसली तर ऊस फडात उभा राहतो. तसेच इथे आहे. पदवी म्हणजे शेअर, आणि रोग्याला हात लावण्याचा परवाना म्हणजे नोंद. ज्या देशात काम करायचे त्या देशाचा परवाना ज्या शिक्षणाने मिळतो, ते शिक्षण घ्यायचे. नुसते पदवीचे नाव मोठे असून उपयोग नाही.

आता फरक पाहा. आपल्याकडे बी.पी.टीएच. ही परवाना देणारी पहिली पदवी. एम.पी.टीएच. ही त्यावरची, एखाद्या शाखेत तज्ज्ञ करणारी पदवी. अमेरिकेत मात्र आधी कोणत्याही शाखेची साधी पदवी घ्यायची, आणि त्यावर साधारण तीन वर्षांची डी.पी.टी., म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, करायची. नावात डॉक्टर असले तरी तिथली ती पहिली व्यावसायिक पदवी आहे. पहिला असा अभ्यासक्रम १९९३ साली क्रेटन विद्यापीठात सुरू झाला, आणि २०१५ अखेरपासून तिथल्या सर्व मान्यताप्राप्त महाविद्यालयांना डी.पी.टी.च देणे बंधनकारक झाले.

म्हणजे आपली बी.पी.टीएच. झालेली मुलगी तिथे डी.पी.टी.ला गेली, तर ती वरच्या इयत्तेत जात नाही. एका अर्थाने तीच इयत्ता नव्याने, मोठ्या खर्चाने करते. हे वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण ठाऊक असून करणे वेगळे आणि न कळता करणे वेगळे.

बी.पी.टीएच. झालेल्यांना अमेरिकेसाठी तीन वाटा आहेत :

अ) डी.पी.टी.ला रीतसर प्रवेश घेणे. खर्च सर्वांत जास्त, पण परवान्याची परीक्षा देण्याचा मार्ग सरळ.

आ) आपल्याच पदवीची तपासणी करून घेणे. परदेशी पदव्या तिथल्या मापाने मोजणारी एफ.सी.सी.पी.टी. नावाची संस्था आहे. आपला अभ्यासक्रम तिथल्या पदवीच्या तोडीचा आहे का, हे ती विषयवार पाहते. जे विषय कमी पडतील ते भरून काढायचे, इंग्रजीची परीक्षा द्यायची, आणि मग परवान्याची परीक्षा द्यायची. या वाटेने डी.पी.टी. न करताही परवाना मिळू शकतो. मात्र कागदपत्रांचे काम चिकट आहे आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत.

इ) तिथे एखादी एम.एस. करणे. हिला प्रवेश तुलनेने लवकर मिळतो, म्हणून एजंट हीच वाट आधी दाखवतात. पण नुसत्या एम.एस.ने परवाना मिळत नाही. कमी पडलेले विषय तिच्यात भरून निघत असतील तरच तिचा उपयोग, आणि ते आधी लेखी विचारून घ्यावे.

परवान्याची परीक्षा एन.पी.टी.ई. या नावाची असून ती वर्षातून चार वेळा होते. गुण २०० ते ८०० या मापात देतात आणि ६०० ला उत्तीर्ण धरतात. परवाना देते ते राज्य. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालतोच असे नाही.

साधी बी.एस्सी. झालेल्यांना वरची अ) हीच वाट मोकळी आहे. त्यातही आपली तीन वर्षांची पदवी काही महाविद्यालये मानतात, काही मानत नाहीत. हे अर्जाची फी भरण्याआधी विचारावे.

३) इथेच शिकायचे असल्यास

महाराष्ट्रात एम.पी.टीएच.चे प्रवेश राज्याच्या सी.ई.टी. कक्षामार्फत, प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बी.पी.टीएच. आणि इंटर्नशिप पूर्ण असावी लागते. शाखा निवडताना नुसते गुण पाहू नयेत. हाडे-सांधे, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, खेळाडूंच्या दुखापती, बालरोग, सामाजिक आरोग्य, यांतले कोणते काम आपण पुढे कुठे करणार, याचा विचार आधी व्हावा. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकायचा असेल तर हाडे-सांधे आणि पक्षाघात यांचे रोगी रोज येतील. खेळाडू रोज येतीलच असे नाही.

इथे अर्ज अडतो तो बहुधा दाखल्यांपायी. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, हे कागद फेरीची तारीख लागल्यावर काढायला पळू नये. निकालाची वाट न पाहता, इंटर्नशिपमध्ये असतानाच ते तयार ठेवावेत.

४) अमेरिकेचा अर्ज : कोणकोणते कागद?

तिथल्या बहुतेक डी.पी.टी. महाविद्यालयांचा अर्ज पीटीकॅस या एकाच खिडकीतून जातो. दरवर्षी साधारण जूनच्या मध्याला ही खिडकी उघडते. एकच अर्ज भरून तो अनेक महाविद्यालयांना पाठवता येतो. पहिल्या महाविद्यालयाची फी जास्त, पुढच्या प्रत्येकाची कमी. मान्यताप्राप्त महाविद्यालये तीनशेच्या आसपास आहेत. पण सगळीच परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव केपटी. तिच्या यादीत महाविद्यालय नसेल तर पुढे बोलूच नये. "मान्यतेसाठी उमेदवार" म्हणजे मान्यता मिळालेली नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

अर्जाचे भाग असे :

गुणपत्रके — सर्व वर्षांची, नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयांसकट. पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढले तरी पीटीकॅस सरासरी काढताना दोन्ही वेळचे गुण धरते. आपल्याकडची गुणपत्रके आधी मूल्यमापन संस्थेकडून विषयवार तपासून घ्यावी लागतात. आपल्या विद्यापीठाकडून बंद लिफाफा किंवा थेट पाठवणी लागते, आणि त्यात किती आठवडे जातात हे ज्याने विद्यापीठाच्या खिडकीवर उभे राहून पाहिले आहे त्याला सांगायला नको.

आधीचे विषय — शरीररचना, शरीरक्रिया, जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र असे विषय बहुतेक ठिकाणी मागतात, काही प्रयोगशाळेसह. बारावीचे रसायन आणि भौतिक इथे सहसा धरत नाहीत. महाविद्यालयीन पातळीचे लागते. बी.पी.टीएच.ची मुले शरीररचनेत पक्की असतात, पण नेमकी इथे अडकतात.

निरीक्षणाचे तास — परवानाधारक फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली किंवा शेजारी राहून काम पाहिल्याचे तास. किती तास, कोणत्या विभागात, परदेशातले चालतात की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय वेगळे ठरवते. यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही करावी. तारीख, ठिकाण, विभाग, तास आणि देखरेख करणाऱ्याची सही. नंतर आठवून लिहिलेली वही ओळखू येते.

शिफारसपत्रे — यांतले एक फिजिओथेरपिस्टचे आणि एक शिकवलेल्या प्राध्यापकाचे, अशी मागणी नेहमीची. आमदारसाहेबांचे, चेअरमनसाहेबांचे किंवा संचालकांचे पत्र इथे चालत नाही. ज्याने मुलीला रोग्यासोबत काम करताना पाहिले आहे, त्याचेच पत्र उपयोगी. पत्र लिहिणाऱ्याला निदान दोन महिने आधी सांगावे.

निबंध — साडेचार हजार अक्षरांच्या आत, स्वतःविषयी आणि दिलेल्या विषयावर. इथे पोरे विकतचे लिखाण आणतात, आणि ते सगळे एकसारखे असते, "लहानपणापासून मला सेवेची आवड होती" वगैरे. त्यापेक्षा जे पाहिले ते साधे लिहावे. समजा, इंटर्नशिपमध्ये एखादा तोडणी कामगार कंबर धरून आला. त्याला आठ दिवस विश्रांती सांगणे सोपे, पण त्याने मुकादमाची उचल घेतलेली आहे, काम बंद ठेवणे त्याला परवडत नाही. मग वाकण्याची पद्धत, मोळी उचलण्याची पद्धत यांत काय बदल सुचवला, त्याने काय ऐकले आणि काय नाही ऐकले, असे लिहिले तर वाचणाऱ्याला मुलगी दिसते. आपल्या मातीतला अनुभव हे आपल्या मुलांचे भांडवल आहे. ते लपवायचे कारण नाही.

परीक्षा — काही ठिकाणी जी.आर.ई., काही ठिकाणी कॅस्पर, आणि परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीची टोफेल किंवा तशीच परीक्षा. जी.आर.ई.चे गुण पाच वर्षे चालतात, टोफेलचे दोनच वर्षे. म्हणून टोफेल फार आधी देऊन ठेवू नये.

नाव — हा मुद्दा बारीक दिसतो, पण यावर अर्ज अडकतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर आणखी तिसरे नाव. सर्व कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग हवे. फरक असेल तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

आणखी एक. कॉलेज सोडण्याआधी संपूर्ण अभ्यासक्रमाची आणि इंटर्नशिपच्या तासांची शिक्का-सहीची प्रत घेऊन ठेवावी. आज परदेशी जायचे नसले तरी घ्यावी. पाच वर्षांनी पदवीची तपासणी करायची झाली तर हाच कागद मागतात, आणि तेव्हा शिकवणारेही बदललेले असतात.

५) वेळेचा हिशोब

हा अर्ज म्हणजे आडसाली ऊस. आज लावला आणि उद्या तोडला, असे होत नाही. आडसाली सोळा-अठरा महिन्यांत येतो. याला त्याहून जास्त लागतात.

समजा, ऑगस्ट २०२८ मध्ये शिक्षण सुरू करायचे आहे. तर जून २०२७ मध्ये अर्जाची खिडकी उघडेल. त्याआधीचे वर्ष, म्हणजे जून २०२६ ते मे २०२७, तयारीचे : कमी असलेले विषय, निरीक्षणाचे तास, परीक्षा, महाविद्यालयांची यादी. जुलै ते ऑक्टोबर २०२७ अर्ज पाठविण्याचे. काही महाविद्यालये अर्ज येतील तसे निवडत जातात, तिथे शेवटच्या तारखेची वाट पाहणे म्हणजे पाळी चुकवणे. हिवाळ्यात मुलाखती. प्रवेशपत्र आल्यावर पैशाची कागदपत्रे दाखवायची, मग महाविद्यालय आय-२० हा कागद देते, आणि त्यावर मुंबईच्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत. काही अभ्यासक्रम ऑगस्टऐवजी मे-जूनमध्येच सुरू होतात. तिथे सगळेच दोन-तीन महिने अलीकडे ओढावे.

६) पैशाचा हिशोब

डी.पी.टी.ची तीन वर्षांची नुसती फी पुष्कळ ठिकाणी एक लाख डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. राहणे-खाणे वेगळे. डॉलर ८५ रुपये धरला तरी हे ८५ लाख झाले. आता आपल्या भाषेत मोजू. टनाला ३,००० रुपये आणि एकरी ४० टन धरले, तर एकरी १ लाख २० हजार ढोबळ. ८५ लाखांसाठी सुमारे ७१ एकरांचा एका हंगामाचा ऊस लागतो, आणि यात बेणे, खत, पाणी, मजुरी काहीच वजा केलेली नाही. हा आकडा घाबरविण्यासाठी नाही, पण तो एकदा कागदावर मांडल्याशिवाय घरात होकार देऊ नये.

तिथल्या केंद्र सरकारचे विद्यार्थी-कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. म्हणजे कर्ज बहुधा इथूनच. बँका मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि इथे शेतकऱ्याची अडचण होते. कर्जवसुलीच्या २००२ सालच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून पुष्कळ बँका शेतजमीन तारण घ्यायला तयार नसतात. घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेव पावती मागतात. वर सातबारावर सोसायटीचा बोजा असतोच. तेव्हा आपल्याकडे दहा एकर आहे म्हणून कर्ज मिळेलच, असे गृहीत धरू नये. प्रवेशाच्या आधी बँकेत जाऊन विचारावे. सावकाराकडून किंवा जमीन विकून ही रक्कम उभी करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती त्यांतली जुनी. पण जागा मोजक्या असतात आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे, अशी अट असते. डी.पी.टी.ची कितीतरी चांगली महाविद्यालये लहान आहेत, ती या क्रमवारीत बसत नाहीत. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर यादी करतानाच ही अट पाहावी.

७) एजंटाला काय विचारावे?

सगळेच एजंट लबाड, असे आम्ही म्हणणार नाही. पण काही एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन असते, हे विसरू नये. त्यांना एवढेच विचारावे, "या शिक्षणानंतर परवान्याची परीक्षा देता येते, हे लेखी दाखवा." महाविद्यालयाचा कागद दाखवला तर पुढे बोलावे. "ते तिथं गेल्यावर बघू" असे उत्तर आले, तर उठून यावे.

स्वाध्याय

घरात सर्वांनी एकत्र बसून, आईलाही बसवून, खालच्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत :

१. लेकराला काम कुठे करायचे आहे, आपल्या तालुक्यात, पुण्या-मुंबईत का परदेशात?
२. तिथला परवाना कोणत्या शिक्षणाने मिळतो?
३. बी.पी.टीएच.ची तपासणी करून भागते का, की पुन्हा पूर्ण पदवीच हवी?
४. कागद, परीक्षा आणि तास यांपैकी आज हातात काय आहे, काय नाही?
५. पहिला परवाना परीक्षेत एकदा हुकला आणि एक वर्ष लांबला, तर कर्जाचा हप्ता कोण आणि कशातून भरणार?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर एक वर्ष थांबावे. त्या वर्षात मुलगी इथल्या रुग्णालयात काम करील, चार पैसे मिळवील, अनुभव घेईल, आणि तिचा अर्जही अधिक भक्कम होईल. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. वापसा आल्याशिवाय रानात नांगर घालू नये, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि उत्तर पक्के असेल, तर मात्र लोक काय म्हणतात याकडे न पाहता मुलीच्या पाठीशी उभे राहावे. शेतकऱ्याच्या घरातली लेक परमुलखात माणसे उभी करायला शिकली, तर त्यात आपला सर्वांचाच मान आहे.